महाविद्यालयाच्या अर्जात आपली कामे कशी मांडावीत : मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

दहावीनंतर लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे क्लाससाठी राहिलेल्या विद्यार्थ्यासमोर 'अभ्यासेतर उपक्रम' असा रकाना आला की बहुतेक वेळा तो कोराच राहतो, किंवा वक्तृत्व स्पर्धेच्या सहभाग प्रमाणपत्रांनी भरला जातो. माझ्या पहिल्या अर्जात मी सात स्पर्धा लिहिल्या होत्या आणि त्या सातही ठिकाणी माझा केवळ सहभाग होता. २०१६ च्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी मी नववीत होते. अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या गावात टँकरची वेळ सांभाळणे, चार घरांच्या घागरी व टाक्या भरून घेणे आणि दमेकरी आजीची औषधे वेळेवर देणे ही कामे माझ्याकडे होती. त्यांतील एकही काम मी अर्जात लिहिले नाही, कारण ती घरची कामे आहेत असे मला वाटत होते. पुढच्या अर्जात ती लिहिली, आणि मुलाखतीतील पहिला प्रश्न त्यांवरच आला.

गेली काही वर्षे दिवाळीच्या सुट्टीत गावी आले की मी बारावीच्या मुलामुलींना हे अर्ज भरण्यास मदत करते. दर वर्षी त्याच चुका पुन्हा पाहते, म्हणून सगळी प्रक्रिया क्रमाने लिहीत आहे.

१. आपल्या अर्जात उपक्रम लागतात का, हे आधी पाहा

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा वैद्यकीय शाखेसाठी एमएचटी-सीईटी अथवा नीटच्या गुणांवर जे प्रवेश होतात, त्यांत गुणवत्ता क्रमांक, आरक्षण आणि कागदपत्रे पाहिली जातात. तिथे तुम्ही भजनी मंडळात पखवाज वाजवता की नाही, हे कोणी विचारत नाही. त्या प्रवेशांसाठी हा लेख वाचण्यात वेळ घालवू नका. जात वैधता आणि नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्राच्या मागे लागा.

उपक्रमांचे महत्त्व दोन ठिकाणी आहे. पहिले म्हणजे सोनिपतचे अशोका विद्यापीठ, बेंगळुरू व भोपाळ येथील अझीम प्रेमजी विद्यापीठ किंवा पुण्याचे फ्लेम विद्यापीठ यांसारख्या संस्था, ज्या बारावीच्या गुणांबरोबर स्वतःची परीक्षा किंवा मुलाखतही घेतात. दुसरे म्हणजे परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील, पदवी महाविद्यालये. यांपैकी एक हजाराहून अधिक महाविद्यालये 'कॉमन ॲप' नावाचा एकच ऑनलाइन अर्ज स्वीकारतात. या अर्जाचा साचा सर्वांत काटेकोर आहे, म्हणून पुढील मांडणी त्यालाच धरून केली आहे. तो नीट भरता आला की इतर कोणताही अर्ज अवघड जात नाही.

खर्चाच्या भीतीने अर्जच न करणारी मुले मला दर वर्षी भेटतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ही महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याची पैसे भरण्याची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश मिळाल्यास कुटुंबाच्या गरजेइतके अर्थसाहाय्य देतात. तिथे प्रवेश मिळणे अत्यंत कठीण आहे, हेही तितकेच खरे. परंतु फी पाहून दार बंद आहे असे आपणच ठरवून टाकू नये.

२. वेळापत्रक अकरावीतच आखा

कॉमन ॲपचा नव्या वर्षाचा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो. लवकर निर्णय देणाऱ्या फेरीची मुदत साधारणतः १ नोव्हेंबरच्या आसपास आणि नियमित फेरीची १ जानेवारीच्या आसपास असते. आपल्याकडे ऑगस्ट ते जानेवारी हा काळ चाचण्या, सराव परीक्षा आणि शेतीच्या कामांचा असतो. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी याच महिन्यांत येते. म्हणून पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा आणि उपक्रमांची पहिली यादी ही तीन कामे अकरावीच्या उन्हाळ्यातच संपवावीत.

इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी कोणती परीक्षा चालते, ते त्या त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर पाहा. ड्युओलिंगोची परीक्षा घरून देता येते, मात्र त्या वेळी खोलीत दुसरे कोणीही चालत नाही आणि कॅमेरा सतत सुरू असावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाची परीक्षा निम्म्यावर असताना वीज गेली आणि सगळे पुन्हा करावे लागले. भारनियमनाची वेळ विचारून घ्या, आणि शक्य असल्यास इन्व्हर्टर असलेल्या नातेवाइकांच्या घरी बसा.

३. कागदपत्रे

- पासपोर्ट
- नववी, दहावी आणि अकरावीच्या गुणपत्रिका, आणि मराठी असल्यास त्यांचे शाळेच्या लेटरहेडवरील इंग्रजी भाषांतर
- शाळा सोडल्याचा दाखला
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. शेतकरी कुटुंब असल्यास सातबारा व आठ-अ
- वडिलांच्या किंवा आईच्या बँक खात्याचे वर्षभराचे विवरण
- प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रातील कात्रणे, छायाचित्रे, हिशेबाच्या वह्यांची पाने

यातील नववीची गुणपत्रिका सर्वांत जास्त त्रास देते. आपण नववी-दहावी गावातल्या शाळेत आणि अकरावी-बारावी शहरातल्या कनिष्ठ महाविद्यालयात करतो. अर्जाला नववीपासूनचे गुण लागतात आणि नववीचे प्रगतिपुस्तक कोणीच जपून ठेवलेले नसते. शाळेच्या निकाल नोंदवहीत ते गुण असतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन त्यांची सही-शिक्क्याची प्रत घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत कार्यालयीन लिपिक भेटेलच असे नसते, म्हणून हे काम जूनच्या शेवटी करावे.

दुसरी अडचण नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि मग स्वतःचे व वडिलांचे नाव येते, तर पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असते. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा, आणि स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक असल्यास 'अतिरिक्त माहिती'च्या जागेत एका वाक्यात त्याचा खुलासा करा. जिल्ह्यांच्या नावांचेही तसेच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यामुळे तुमच्या एका प्रमाणपत्रावर जुने आणि दुसऱ्यावर नवे नाव असू शकते. तोही खुलासा त्याच ठिकाणी करावा.

४. ईमेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या

ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण हिच्यापायी जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत. नेट कॅफेत किंवा सेतू केंद्रावर अर्ज भरताना चालक घाईत स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल क्रमांक टाकतो. पुढे मुलाखतीचे पत्र त्याच्याकडे जाते आणि तो ते उघडतही नाही. स्वतःच्या नावाचा साधा ईमेल उघडा, पासवर्ड वहीत लिहून ठेवा, आणि दुकानातील संगणकावर कागदपत्रे स्कॅन केल्यास निघताना ती तिथून कायमची काढून टाका.

५. उपक्रमांची कच्ची यादी करा

एक दोनशे पानी वही घ्या आणि नववीपासून आजपर्यंत शाळेच्या तासांबाहेर जे जे केले, ते सगळे लिहा. या टप्प्यावर काहीही गाळू नका. नंतर आई, आजी किंवा मोठ्या भावंडांना ती यादी वाचून दाखवा, कारण तुम्ही जे विसरला आहात ते त्यांच्या नक्की लक्षात असते. आठवी आणि त्याआधीची कामे मात्र कॉमन ॲपमध्ये येत नाहीत. पाचवीतील शिष्यवृत्ती कितीही अभिमानाची असली तरी तिला तिथे रकाना नाही.

कॉमन ॲपमध्ये प्रत्येक उपक्रमाचा प्रकार निवडावा लागतो. त्या यादीत खेळ, संगीत, वादविवाद यांच्या जोडीने 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' हे प्रकारही आहेत. म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळणे, पहाटे धार काढून दूध संकलन केंद्रावर पोहोचवणे, आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर सहा महिने आजोबांसह घर चालवणे, दिवाळीच्या सुट्टीत रोजंदारीवर कापूस वेचणे, घरच्या खव्याच्या भट्टीवर हिशेब ठेवणे या सर्वांना अर्जात अधिकृत जागा आहे. माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या मुलींची यादी नेहमी मुलांपेक्षा लांब निघते, आणि लिहायला मात्र त्याच जास्त संकोचतात.

सार्वजनिक कामेही लिहा. हरिनाम सप्ताहातील वादन, गणेश मंडळाचा जमाखर्च, १४ एप्रिलच्या जयंतीनिमित्त सुरू केलेली अभ्यासिका, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रभातफेरीचे नियोजन, लेझीम पथक, ईदच्या वेळी मोहल्ल्यात केलेली व्यवस्था, यांपैकी ज्यात तुमचे स्वतःचे काम होते ते सर्व. राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर एवढी ठोस माहिती तयारच असते. एनसीसीचे 'ए' प्रमाणपत्र, एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची श्रेणी, एनएमएमएस शिष्यवृत्ती यांना 'सन्मान' या वेगळ्या विभागात ठेवावे. तिथे जास्तीत जास्त पाच नोंदी बसतात.

६. दहा निवडा आणि क्रम लावा

कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे आणि तिथे फक्त चारच विचारतात. दहा जागा आहेत म्हणून दहा भरण्याची सक्ती नाही. सहा खरी आणि दीर्घ कामे ही दहा तुटपुंज्या नोंदींपेक्षा चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या कामाला सर्वांत जास्त वर्षे आणि सर्वांत जास्त जबाबदारी दिली ते पहिले ठेवा. एकदाच भाग घेतलेल्या सगळ्या स्पर्धा मिळून एकच नोंद करा.

७. दीडशे अक्षरांत काम सांगा

प्रत्येक उपक्रमासाठी तीन छोट्या जागा असतात. पदासाठी ५० अक्षरे, संस्थेच्या नावासाठी १०० आणि वर्णनासाठी १५०, आणि यात मोकळ्या जागा व विरामचिन्हेही मोजली जातात. अर्ज इंग्रजीत भरायचा असला तरी मजकूर आधी मराठीत ठरवा, कारण काय केले हे आपल्या भाषेत स्पष्ट झाले की इंग्रजी वाक्य आपोआप आटोपशीर होते.

मागे एका मुलीने माझ्याकडे पुढील वर्णन आणले होते : 'आईला बचत गटाच्या कामात मदत केली. त्यातून मला नेतृत्व, संघभावना आणि आत्मविश्वास हे गुण शिकायला मिळाले.' मी तिला गटाची वही आणायला सांगितली. लाल कापडी बांधणीची ती वही उघडली, तर दोन वर्षांपासूनची प्रत्येक नोंद तिच्याच अक्षरात होती. बारा महिला, प्रत्येकीचे महिन्याला दोनशे रुपये, कोणी शेळीसाठी तर कोणी मुलीच्या फीसाठी घेतलेले कर्ज, त्याचे व्याज आणि हप्ते. एका पानावर समासात लाल शाईने वर्तुळ होते. आधीच्या हिशेबातील १,४०० रुपयांची चूक तिने तिथे शोधून काढली होती, आणि ते तिने मला सांगितलेही नव्हते. आम्ही वर्णन असे केले : '१२ महिलांच्या गटाचा मासिक हिशेब, बचत, कर्ज, व्याज यांच्या नोंदी, बँकेत भरणा, जुन्या हिशेबातील १,४०० रुपयांची चूक शोधून दुरुस्त केली.'

या दोन वर्णनांतील फरक लक्षात ठेवा. दुसऱ्यात गुणांची नावे नाहीत, क्रिया आणि आकडे आहेत. 'मदत केली', 'सहभाग घेतला', 'अनुभव मिळाला' ही क्रियापदे दिसली की थांबा आणि स्वतःला विचारा : त्या दिवशी माझ्या हातात नेमके काय होते? वही, पाइप, पखवाज, की तराजू?

आपले स्थानिक शब्द बाहेरच्या वाचकाला समजणार नाहीत, याचीही काळजी घ्या. 'सप्ताह' लिहिल्यास तो केवळ आठवडा समजेल. 'सात दिवसांचा भजन-कीर्तनाचा गावसोहळा' असे त्याचे रूप द्यावे. 'मुक्तिसंग्राम दिन' लिहिताना १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्याचा दिवस, एवढे तरी आले पाहिजे.

८. तास मोजताना प्रामाणिक राहा

प्रत्येक उपक्रमासमोर आठवड्याला किती तास आणि वर्षात किती आठवडे, हे दोन आकडे भरायचे असतात. बचत गटाच्याच उदाहरणात सभा महिन्यातून एकदा, तीन तासांची. त्याच आठवड्यात बँकेचे काम, आणखी तीन तास. म्हणजे वर्षातील १२ आठवडे, आठवड्याला ६ तास, एकूण ७२ तास. तिने आधी '५२ आठवडे, आठवड्याला २ तास' असे लिहिले होते. त्याने एकूण १०४ होतात, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा ३२ जास्त. तिचा हेतू वाईट नव्हता, पण वाचणारा सर्व उपक्रमांचे तास एकत्र मिळवून पाहू शकतो, आणि क्लास, शाळा व झोप धरून दिवसाचे तीस तास होत असतील तर सगळ्याच अर्जावरचा विश्वास उडतो. माझी पाण्याची नोंद उन्हाळ्यातील १४ आठवड्यांची होती, आठवड्याला १४ तास. तेवढीच लिहिली आणि तेवढीच पुरेशी ठरली.

हंगामी काम हंगामी म्हणूनच लिहावे. कापूस वेचणीचे आठवडे मोजताना घरातील मोठ्यांना विचारा. त्यांना किती वेचण्या झाल्या हे अचूक आठवते.

९. शिफारसपत्र आणि शाळेचा अहवाल

अर्जासोबत शिक्षकांचे शिफारसपत्र आणि शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल लागतो. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत समुपदेशक हे पद बहुधा नसते. अशा वेळी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ते काम करू शकतात. त्यांना सप्टेंबरमध्येच भेटा आणि ऑनलाइन दुवा त्यांच्या ईमेलवर येईल, हे आधी समजावून सांगा.

इथे दोन गंभीर सापळे आहेत. पहिला म्हणजे, 'तूच लिहून आण, मी सही करतो' असे सर प्रेमाने म्हणतात. ते पत्र तुमचेच असल्याचे वाचणाऱ्याला लगेच कळते, कारण निबंध आणि शिफारस यांची भाषा एकच निघते. नम्रपणे नकार द्या आणि त्याऐवजी एका पानावर वर्गातील तीन-चार प्रसंग लिहून द्या, म्हणजे सरांना आठवायला सोपे जाईल. सरांना इंग्रजीत लिहिणे अवघड वाटत असेल तर त्यांनी मराठीत लिहावे आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी भाषांतर करून तसे नमूद करावे. दुसरा सापळा याहून वाईट आहे. सरांना ईमेल वापरता येत नाही म्हणून विद्यार्थीच त्यांच्या नावाने ईमेल उघडतो आणि पत्र स्वतः चढवतो. ही फसवणूक ठरते आणि मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. सरांच्या शेजारी बसून त्यांना त्यांचा ईमेल वापरायला शिकवा. मी ते एका दुपारी केले आहे.

शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न अर्जात येतो. 'होय' म्हणावे, त्यामुळे शिक्षकांनी मोकळेपणाने लिहिले आहे असे मानले जाते.

१०. निबंध

मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. मराठवाड्याचा विद्यार्थी म्हटला की दुष्काळावर लिहिण्याचा मोह होतो, आणि बहुतेक निबंध पर्जन्यमान, शेतकऱ्यांचे हाल व सरकारची उदासीनता यांतच संपतात. त्यात लिहिणारा कुठेच दिसत नाही. दुष्काळावर अवश्य लिहा, परंतु तुमच्या घरच्या एका हंड्यापासून सुरुवात करा : तो कोणी भरला, त्यातले पाणी कशाकशाला पुरवले, कोणाच्या वाट्याचे कमी केले आणि ते ठरवताना तुम्हाला काय वाटले. उपक्रमांच्या यादीत जे आले तेच निबंधात पुन्हा सांगू नका. यादीतील एका ओळीमागे जे दडले आहे ते सांगा.

शहरात पैसे घेऊन निबंध लिहून देणारे सल्लागार आहेत आणि आता मोबाइलवर निबंध तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आहेत. कॉमन ॲपच्या नियमांनुसार अशा साधनाने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे फसवणुकीत मोडते. पैसे भरले की मिळणारी 'आंतरराष्ट्रीय' प्रमाणपत्रेही घेऊ नका. ती वाचणाऱ्यांच्या ओळखीची असतात.

११. पैसे भरणे आणि अर्ज पाठवणे

जिल्हा बँकेचे साधे एटीएम कार्ड परदेशी व्यवहाराला चालत नाही. शुल्क भरण्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेले कार्ड लागते. ते कोणाचे वापरणार हे मुदतीच्या पंधरा दिवस आधी ठरवा. अनेक महाविद्यालये अडचण कळवल्यास शुल्क माफ करतात, म्हणून आधी प्रवेश कार्यालयाला साध्या शब्दांत ईमेल लिहा. अर्थसाहाय्यासाठी काही ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्ज असतो. त्यात शेतीचे उत्पन्न भरताना उत्पन्नाच्या दाखल्यावरील रक्कम आणि बँकेतील जमा यांत तफावत असेल, तर ती का आहे (उदाहरणार्थ, सोयाबीनची पट्टी एकाच महिन्यात जमा झाली) हे लिहून द्या.

पाठवण्यापूर्वी अर्जाची पीडीएफ काढून छापील प्रत घरात मोठ्याने वाचा. वर्णन मर्यादेबाहेर गेल्यामुळे मधेच तुटलेले वाक्य कागदावरच लक्षात येते. शेवटच्या रात्री पाठवू नका. किमान पाच दिवस हाताशी ठेवा.

१२. मुलाखत

मुलाखत बहुधा ऑनलाइन होते. अर्जातील प्रत्येक ओळीवर दोन मिनिटे बोलता येईल अशी तयारी ठेवा आणि ज्या वहीतून तास व आकडे काढले ती वही समोर ठेवा. बचत गटाच्या त्या मुलीला विचारण्यात आले की, चूक सापडल्यावर तू ती कोणाला आधी सांगितलीस. तिने उत्तर दिले की, ज्यांच्या नावावर ती रक्कम चढली होती त्या काकूंना, सभेच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन, कारण सर्वांसमोर सांगितले असते तर त्या पुन्हा सभेला आल्या नसत्या. ही गोष्ट तिच्या दीडशे अक्षरांत बसलेली नव्हती.